चमक आली पण चरे गेले नाहीत! पात्याच्या फिनिशिंगवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ट्रकच्या जुन्या पाट्यातून (स्प्रिंगच्या पट्टीतून) घरातली सुरी कशी करायची ते लिहिलं होतं, म्हणजे कापणं, आकार देणं, लालबुंद करून तेलात पाणी पाजणं (म्हणजे एकदम बुडवून कडक करणं) आणि मग ओव्हनमध्ये २०० डिग्रीला शेकणं, इथपर्यंत. शेवटी "मग पेपर मारून फिनिश करा" असं एका ओळीत उरकलं होतं. ती ओळ मला चांगलीच महागात पडली, कारण आलेल्या प्रश्नांपैकी जवळपास सगळे त्याच ओळीवर आहेत. चूक माझी. सुरी घडवायला एक दिवस लागला तर घासायला दोन लागतात हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

प्रश्न : आठ इंची पातं केलं. १२०, २२०, ४००, ६००, ८००, १००० आणि शेवटी २००० असे सगळे वॉटर पेपर मारले, ट्यूबलाइटखाली आरशासारखं दिसतं. पण गॅलरीत उन्हात नेलं की खोल आडवे चरे दिसतात. २००० चा पेपर अजून दोन तास मारला तरी चरे तिथेच. पेपर डुप्लिकेट असेल का? (एक वाचक, कराड)

पेपर चांगला आहे हो, उगाच दुकानदाराला बोल लावू नका. तुम्हाला २००० ला दिसलेला चरा २००० चा नाहीच, तो १२० चा आहे नाहीतर त्याच्याही आधीचा, कानशीचा किंवा ग्राइंडरचा, आणि तो पहिल्या दिवसापासून तिथेच ठाण मांडून बसलाय. बारीक पेपर काय करतो तर आजूबाजूचं सगळं चकचकीत करतो, त्यामुळे चरा जायच्या ऐवजी आणखी उठून दिसतो, नव्या शर्टावर शाईचा डाग दिसावा तसा. १२० च्या पेपरवरचा कण साधारण १२५ मायक्रॉनचा आणि २००० चा जेमतेम १० मायक्रॉनचा. आता चरा म्हणजे खड्डा, तो काही बुजवता येत नाही, आजूबाजूचं लोखंड त्या खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवावं लागतं, आणि ते काम २००० नं करायला बसलात तर चमच्यानं विहीर खणल्यासारखं होईल.

त्यामुळे मागे जा. जीवावर येतं, मला माहितीये, पण दुसरा इलाज नाही. २२० वर या, पाच मिनिटं मारा आणि बघा, चरा हलत नसेल तर सरळ १२० वर या.

आणि या वेळी दिशा बदलत चला, यातच सगळी गंमत आहे. १२० मारताना पात्याच्या लांबीला आडवा हात चालवा, सगळ्या रेघा आडव्या. २२० घेतला की तिरपा, ४५ अंशात. आता आडवी रेघ जिथे दिसेल ती १२० ची, तिच्याबद्दल वादच नाही, ती जाईपर्यंत ४०० ला हात लावायचा नाही. ४०० उलट्या बाजूनं तिरपा. शेवटचा नंबर तेवढा पात्याच्या लांबीत. तुम्ही बहुतेक सगळे नंबर एकाच दिशेनं मारलेत, मग कुठली रेघ कुणाची ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

तपासायचं कसं? ट्यूबलाइट डोक्यावर असते, तिच्या उजेडात सगळंच छान दिसतं. मी सकाळी खिडकीशी उभा राहतो, पातं पुसून कोरडं करतो, डोळ्याच्या पातळीला आडवं धरतो आणि उजेड पात्यावरून जवळजवळ घसरत येईल असं हळूहळू कलतं करतो. एका विशिष्ट कोनात सगळं पातं राखाडी होतं आणि त्यात एखादीच रेघ लख्खकन चमकते, कोळ्याच्या जाळ्याचा धागा उन्हात चमकतो ना, तशी. ती सापडली की मार्करनं गोल करायचा. टूलरूममध्ये असताना आम्ही मार्किंगची निळी शाई लावायचो, घरी परमनंट मार्कर चालतो, अख्खं पातं रंगवून टाका आणि पेपर मारा, जिथे शाई राहिली तिथे खोलगट आहे, पेपर तिथे पोचतच नाहीये.

पोचत नाही याचं एक कारण म्हणजे बोट. नव्वद टक्के लोक पेपर बोटाखाली धरून घासतात आणि बोट असतं मऊ, ते खड्ड्यातही उतरतं आणि कडेवरूनही घसरतं, परिणामी पातं लाटालाटांचं होतं आणि उताराची (धारेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या भागाची) जी कडक रेघ तुम्ही एवढी मरमर करून काढलीत ती विरघळलेल्या साबणासारखी गोल होते. पेपरच्या मागे काहीतरी टणक हवं. माझ्याकडे २५ मिलीमीटर रुंद लोखंडी पट्टीचा वीतभर तुकडा आहे, कडा मोडलेल्या, त्याला पेपरची पट्टी गुंडाळायची आणि वर दोन थेंब तेल किंवा साबणाचं पाणी. एकदम शेवटच्या नंबराला पट्टीवर चामड्याचा तुकडा चिकटवला तरी चालतं, पण खालच्या नंबरांना टणक म्हणजे टणकच.

दुसरं कारण कंजुषी. कडक केलेल्या पोलादावर १२० च्या पेपरची पट्टी वीस-तीस हात मारले की मेली. आवाजावरून कळतं, ताजा पेपर खर्र खर्र बोलतो, मेलेला गप्प सरकतो. आपण मात्र "अजून कण दिसतायत की" म्हणून तीच पट्टी अर्धा तास रेटतो, हात भरून येतात आणि पोलाद तसंच. पेपर फुकट वाटतायत असं समजून वापरा, एका सुरीला मोठे आठ-दहा कागद गेले तर जाऊ देत.

तिसरं, नंबर बदलताना पातं, फळी, पट्टी, हात सगळं पुसा आणि डब्यातलं पाणी ओता. १२० चा एक कण ४०० च्या पेपरखाली अडकला की परत पहिल्यापासून कवायत.

हिशोबच सांगायचा तर चार तास घासणार असाल तर त्यातले अडीच तास पहिल्या नंबरात जाऊ देत. तिथे कंटाळलात तर पुढे रडाल. आणि भाजीच्या सुरीला २००० लागतोच कशाला? माझ्या घरच्या सुऱ्या ४०० नाहीतर ६०० वर थांबतात. आरशासारख्या गुळगुळीत पात्याला बटाट्याच्या चकत्या अशा चिकटतात की प्रत्येक चकती बोटानं सोडवावी लागते.

प्रश्न : तेलात बुडवून काढल्यावर पात्यावर काळा पपडा आलाय, पेपर त्याच्यावर घसरतो. काय करू? (एक वाचक, चाळीसगाव)

पेपर वाया घालवू नका. किराणा दुकानात मिळणारा पांढरा व्हिनेगर प्लास्टिकच्या उभट डब्यात ओता, पातं रात्रभर त्यात ठेवा, सकाळी पपडा तारेच्या ब्रशनं निघतो. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच कोरडं करा, तेल लावा, नाहीतर चहा पिऊन येईपर्यंत तांबूस झालेलं असेल. पपड्याखाली एक पातळसा मऊ थरही असतो, तापवताना पोलादातलं कार्बन वरच्यावर जळून गेलेलं असतं, तो थर घासून निघाला की आतलं खरं पोलाद लागतं, पेपर एकदम जड चालायला लागतो त्यावरून ओळखायचं. पुढच्या वेळी पाणी पाजायच्या आधीच १२० किंवा २२० पर्यंत घासून घ्या. कानशीचे खोल आडवे चरे ठेवून पाणी पाजलंत तर तिथूनच तडा जायची भीती असते, आणि शिवाय मऊ असताना जे काम दहा मिनिटांचं असतं तेच नंतर तासाचं होतं. फक्त धारेकडची कड तेव्हा एक मिलीमीटरच्या खाली नेऊ नका, वाकते.

प्रश्न : मी अमेरिकेतल्या एका कारागिराचे व्हिडिओ बघून काम करतो. तो ६०० वर थांबतो आणि काय रेशमी दिसतं त्याचं पातं! माझं ६०० खरबरीत दिसतं. (एक वाचक, ठाणे)

पेपर उलटा करा आणि मागे नंबराच्या आधी इंग्रजी 'पी' अक्षर आहे का बघा. ते असेल तर तो युरोपियन मापाचा पेपर. अमेरिकन माप वेगळं, आणि खालच्या नंबरांना दोन्ही जवळपास सारखे असले तरी वर गेलं की फारकत होते. पी ४०० चा कण ३५ मायक्रॉनचा, अमेरिकन ४०० चा २३ च्या आसपास. पी ६०० म्हणजे २६ मायक्रॉन आणि त्या माणसाचा ६०० म्हणजे साधारण १६, तेव्हा त्याच्यासारखं हवं असेल तर तुम्हाला पी १२०० पर्यंत जावं लागेल. तुमच्या हातात दोष नाही. मीही दोन वर्षं स्वतःला कोसत होतो.

प्रश्न : रेघा छान सरळ येतात पण त्यांच्या टोकाला बारीक आकडे दिसतात, मासे धरायच्या गळासारखे. विशेषतः मुठीजवळ. (एक वाचक, नाशिक)

अगदी बरोबर उपमा दिलीत, इंग्रजीतही त्यांना गळच म्हणतात. पेपर पुढेमागे चालवताना जिथे हात उलटा फिरतो तिथे पट्टी जराशी डुलते, सुटलेले कण पेपरखाली लोळतात आणि रेघेला शेपूट फुटतं. खालच्या नंबरांना त्याची पर्वा करू नका, खुशाल पुढेमागे घासा. शेवटच्या नंबराला मात्र एकच दिशा, मुठीकडून टोकाकडे, एका दमात ओढायचं आणि टोकाशी पोचल्यावर हात उचलायचा, परत येताना पेपर पात्याला लागता कामा नये. प्रत्येक ओढीला पेपरचा कोरा भाग पुढे घ्यायचा. दहा-बारा ओढी पुरतात, पण मधे थांबायचं नाही, शिंक आली तर ती ओढ परत.

मुठीजवळ, जिथे उतार सुरू होतो तिथल्या कोपऱ्यात पट्टी नीट बसत नाही म्हणून गळ तिथेच जास्त. तिथे पट्टीची कड गोल करून घ्या, तो कोपरा आधी वेगळा संपवा आणि मग लांब ओढी सुरू करा.

आता विषय निघालाच आहे तर एक सांगतो. पातं फळीवर ठेवा, मुठीत जाणारा भाग सी क्लॅम्पनं आवळा आणि टोक फळीच्या आतच राहू दे, फळीबाहेर डोकावू देऊ नका. मी एकदा "शेवटचे दोन हात" म्हणून टोक अर्धा इंच बाहेर ठेवून ओढत होतो, साबणाच्या पाण्यानं पट्टी सटकली आणि हात तसाच पुढे गेला. धार लावलेली नव्हती, पण टोकाला टोचायला धार लागत नाही, अंगठ्याच्या बेचक्यात ते आरामात शिरलं. चार टाके. बायकोनं फळी माळ्यावर टाकली, ती खाली यायला दोन महिने लागले. धार अगदी शेवटी लावायची, मूठ बसवून झाल्यावर, धारदार पात्याला पेपर मारायला बसू नका.

प्रश्न : बफिंगच्या चाकावर चमक आणू का? वेळ वाचेल. (एक वाचक, इचलकरंजी)

नको. वर्कशॉपमधलं सगळ्यात गरीब दिसणारं आणि सगळ्यात घातकी मशीन म्हणजे बफ. कापडी चाक पात्याची कड पकडतं आणि सुरी तुमच्याच पोटाकडे फेकतं. शिवाय चरे जात नाहीत, नुसते कडेनं गोल होऊन चमकतात.

प्रश्न : अँगल ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून घासत होतो, धारेजवळ रुपयाएवढा निळा डाग आला. ४०० चा पेपर मारल्यावर डाग पूर्ण गेला. आता काही काळजी नाही ना? (एक वाचक, चिपळूण)

काळजी आहे. रंग गेला, दुखणं राहिलं.

पोलाद तापत गेलं की त्यावर रंग चढतात, २२० डिग्रीच्या आसपास वाळल्या गवतासारखा पिवळट, २५० नंतर तपकिरी, मग जांभळा आणि ३०० ला निळा. तुम्ही सुरी शेकली २०० ला, म्हणजे त्या निळ्या जागेनं तुमचं सगळं गणित मोडलं आणि तेवढा भाग मऊ पडला. निळा रंग हा वरचा नुसता पापुद्रा असतो, पेपरनं जातो, मऊपणा मात्र आतपर्यंत असतो. तो डाग पात्याच्या पाठीला असता तर मी म्हटलं असतं सोडून द्या, पाठ थोडी मऊ असली तर उलट बरंच. धारेला आहे म्हणजे तिथे धार टिकणार नाही, आठवडाभरात तेवढाच तुकडा बोथट होईल. डाग किती आत गेला होता ते आठवत असेल तर तेवढी धार मागे घ्या, नाहीतर पुन्हा तापवून पाणी पाजा आणि शेका. डोळ्यांना फसवून सुरी कुणाला भेट देऊ नका.

पुढे असं होऊ नये म्हणून शेजारी पाण्याची बादली, एक फेरा मारला की बुडवायचं, परत एक फेरा, परत बुडवायचं. मोकळ्या बोटाला चटका बसायला लागला की थांबायचं, पोलाद बिघडायच्या खूप आधी बोट बोंब मारतं. बेंच ग्राइंडर किंवा बेल्टवर काम करताना सुती हातमोजे घालायचे नाहीत हा आमच्या टूलरूमचा पहिला नियम होता, चाक मोज्याचा धागा पकडतं आणि धाग्याबरोबर हात. चष्मा आणि मास्क मात्र हवाच, एन ९५ चा, लोखंडाची आणि पेपरच्या कणांची धूळ नाकात काळी दिसते ती छातीतही तशीच बसते. पाण्यानं घासण्याचा हाही एक फायदा, धूळ उडत नाही.

तुमच्या चिपळूणच्या पावसाबद्दलही दोन शब्द. खरबरीत चऱ्यांमध्ये पाणी बसून राहतं, गंजाचे पहिले ठिपके तिथेच येतात, म्हणून कोकणात तरी ६०० पर्यंत जाच. वापरून झाली की धुवा, पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल लावून ठेवलंत तर ते चिकट होऊन मधासारखं बसतं. आणि चामड्याच्या म्यानात घालून पावसाळाभर ठेवू नका, चामडं दमट हवा धरून ठेवतं.

प्रश्न : जपानी तलवारीवर धारेला लागून ढगासारखी लाट असते, हामोन. मी पाट्याच्या सुरीला पाठीवर माती लावून पाणी पाजलं, २००० पर्यंत घासलं, लाट काही उमटली नाही. माती चुकली का? (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

माती बरोबर असेल, पोलाद चुकलं. ट्रकच्या पाट्याच्या पोलादात सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियम असतं, ते मुद्दाम अशासाठी घातलेलं असतं की जाड पाटासुद्धा आरपार कडक व्हावा. तुम्ही पाठीवर माती लावून तो भाग हळू थंड करायचा प्रयत्न केलात आणि तो तरीही कडक झाला, मग कडक आणि मऊ यांची सीमारेषा येणार कुठून? हामोनला साधं, जास्त कार्बनचं आणि कमी मँगनीजचं पोलाद लागतं, १०९५ जातीचं. ते न मिळाल्यास जुनी, चांगल्या कंपनीची मोठी कानस घेऊन बघा.

लाट असली तरी नुसत्या घासण्यानं ती धूसरच दिसते, तिला उठवावं लागतं. निदान ८०० ते १००० पर्यंत एकसारखं घासा, एकही आगाऊ चरा नको, ॲसिटोननं पुसा, परत बोट लावू नका. मग कोमट व्हिनेगर किंवा पातळ केलेलं फेरिक क्लोराइड, तेच जे सर्किट बोर्ड कोरायला वापरतात, तुम्ही पुण्यात आहात तर पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. एक भाग ते आणि तीन-चार भाग पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात, रबरी मोजे घालून, स्टीलच्या पातेल्यात अजिबात नाही. थोडा वेळ बुडवा, काढा, सोड्याच्या पाण्यात धुवा, वरचा काळा थर अगदी बारीक पॉलिश पावडरनं हलका पुसा, परत बुडवा. असं पाच-सहा वेळा केलं की लाट हळूहळू वर येते. पहिल्यांदा येते तेव्हा माणूस शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो, मी दाखवली होती, शेजारी म्हणाले "डाग पडलाय वाटतं".

आणि २००० पर्यंत जाऊनही जमत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. जपानात तलवार घडवणारा वेगळा आणि घासणारा वेगळा, घासणं हा स्वतंत्र धंदा आहे, एकामागून एक दगड बदलत शेवटी नखाएवढ्या पातळ दगडाच्या कपच्या अंगठ्याखाली धरून घासतात. होनामी घराण्यानं तर तलवारी घासणं आणि पारखणं पिढ्यान्‌पिढ्या केलं, त्यातलाच कोएत्सु (१५५८ ते १६३७) पुढे सुलेखन आणि चहाच्या वाडग्यांसाठी नावाजला.

प्रश्न : आजीची विळी माझ्याकडे आलीये. पातं काळंकुट्ट आहे, मधे मधे तांबूस गंज. मुलगा म्हणतो मशीननं घासून नवीकोरी करून देतो. देऊ का त्याच्या हातात? (एक वाचिका, कोल्हापूर)

ताई, मशीन लपवून ठेवा. तांबूस आहे तो गंज, तो पातं खातो, तो काढायचा. काळं आहे ते आजीनं किती वर्षं कैऱ्या, चिंचा, केळफुलं चिरली त्याचा हिशोब आहे, आणि तो काळा थर लोखंडाला थोडंफार सांभाळतोही. लख्ख पांढरं केलंत तर पहिल्याच लिंबाला परत काळं-पिवळं पडेल, आणि मुलानं ग्राइंडर लावला तर वर सांगितलेला निळा डाग ठरलेला.

तांबूस ठिपक्यांवर खोबरेल टाकून तासभर ठेवा, मग बारीक स्टील वूलनं नाहीतर ८०० च्या घासून अर्धमेल्या झालेल्या पेपरनं हलक्या हातानं पुसा, फक्त तेवढ्याच जागी. धारेला निसण्यावर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं, पात्याचा जुना उतार बोटांना लागतो तोच धरून. पात्याचा पाटाशी असलेला खिळा डुगडुगत असेल तर तो आधी ठोकून घ्या, हलणाऱ्या विळीला धार लावणं धोक्याचं. आणि पुढे खवणी असेल तर तिच्या दातांना पेपर लावू देऊ नका कुणाला, दाते गोल झाले की पुढच्या गणपतीत मोदकांचं खोबरं खवताना मलाच शिव्या घालाल.